कॅमेऱ्यावरची जकात

परदेशीं जाऊन आलेल्या माणसाला आमच्या पारशिवनींत "काय पाहिलेंत?" असें कोणी विचारीत नाहीं, "काय आणलेंत?" असेंच विचारतात. सन २०१९ च्या सप्टेंबरांत मी टोकियोस चिरंजीवांकडे तीन आठवडे राहून परत आलों, तेव्हां मलाही हा प्रश्न झाला, आणि मीं उत्तरादाखल एका काळ्या पिशवीकडे बोट दाखविलें. तींत कॅमेरा होता. पाठोपाठ किंमत विचारली गेली, आणि ती ऐकल्यावर माझ्या शहाणपणाविषयीं गांवाचें जें मत झालें तें अद्याप कायम आहे. त्या मताविरुद्ध मला जें म्हणावयाचें आहे तें आज लिहितों. तें सर्वस्वीं माझ्या बाजूचें नाहीं, हें मात्र आरंभींच कबूल केलेलें बरें.

छायाचित्रांची हौस मला कधींच नव्हती. आमच्या घरीं आजोबांच्या हातच्या पोथ्यांचीं अकरा बासनें आहेत : ज्योतिष, कर्मकांड, थोडेंसें व्याकरण, आणि शेवटीं एक वैद्यकाचें बाड. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी त्यांची नक्कल करावयास बसलों, आणि एका क्षुल्लक भासणाऱ्या अडचणीपाशीं थांबलों. अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका अनुस्वाराचा कीं कसरीनें पाडलेल्या छिद्राचा, हें माझ्या डोळ्यांस कळेना. वाचकांनीं हंसूं नये. संस्कृतांत 'रामं' म्हणजे रामाला. टिंब गेलें कीं तोच राम संबोधन होऊन आपल्याकडे पाहूं लागतो! पुतण्यानें मोबाइलवर पानें टिपून दिलीं. परंतु अक्षर मोठें करून पाहूं जावें तों त्याच्या कडा विरघळाव्या. मोबाइल चित्र घेतांना आपल्याच अकलेनें तें गुळगुळीत करतो, असें त्यानेंच मला समजावून सांगितलें. मला तर खडबडीतपणाच हवा होता. पानावर बाजूनें तिरपा उजेड टाकला तर छिद्राच्या कडेला बारीकशी सावली पडते, शाईच्या ठिपक्याला पडत नाहीं. ती सावली टिपणारें भिंग आणि ती जशीच्या तशी राखणारा कॅमेरा, एवढीच माझी मागणी होती. ती किती महाग आहे हें नंतर कळलें.

परदेशीं जाऊन कॅमेरा आणण्याची आपल्याकडील थोर कथा दादासाहेब फाळक्यांची. त्यांच्याही आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं मुंबईंत बसून लंडनहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला होता. केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें १९०१ सालचें स्वागत त्यांनींच चित्रित केलें. पुढें कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं तर कॅमेरा स्वतःच तयार केला. फाळके मात्र उठून गेले. त्र्यंबकेश्वराच्या एका शास्त्र्याचे हे चिरंजीव विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १९१२ च्या आरंभीं लंडनला गेले, आणि तेथील 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला ओळखदेख नसतां जाऊन भेटले. त्या गृहस्थानें प्रथम त्यांस परावृत्त करून पाहिलें, आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओंत चित्रें कशीं घेतात तें पाहण्याची सोय करून दिली. तें सर्व डोळ्यांखालून घातल्यावर फाळक्यांनीं ५० पौंडांस विल्यम्सन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म व तिला भोकें पाडण्याचें यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिलला ते परत आले. भोकें पाडण्याचें काम पुढें रात्रीं सरस्वतीबाई करीत. हें चरित्र मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. परंतु कॅमेरा घेण्याची पाळी स्वतःवर आली तेव्हां त्यांतली एकच गोष्ट उपयोगी पडली. त्यांनीं आधीं काम पाहिलें, मग यंत्र घेतलें.

म्हणून निघण्यापूर्वीं मीं पंचांगाच्या एका पानावर अनुस्वारांच्या शेजारीं टांचणीनें बारीक छिद्रें पाडलीं व तें पान बरोबर नेलें. शिंजुकू भागांतल्या एका बहुमजली दुकानांत एका तरुण विक्रेत्यापुढें तें उलगडलें. त्यास माझी भाषा येईना, मला त्याची; चिरंजीव दुभाष्या झाले. त्या मुलानें पान मेजावर ठेवून बाजूनें दिवा धरला, आणि पडद्यावर छिद्र छिद्रासारखें व टिंब टिंबासारखें दिसलें तेव्हां तो माझ्याहूनही अधिक आनंदला. कॅमेरा निकॉनचा झेड-७, साडेचार कोटींहून अधिक बिंदूंचें चित्र घेणारा; त्याच्या जोडीस जवळचें पाहण्याचें साठ मिलिमीटरांचें भिंग आणि तें बसविण्याचें जोडकडें. ज्यांस जावयाचें असेल त्यांच्याकरितां येथेंच दोन गोष्टी सांगतों. जपानांत विकल्या जाणाऱ्या कांहीं कॅमेऱ्यांत सूचना केवळ जपानींत असतात. त्या इंग्रजींत करतां येतात कीं नाहीं हें दुकानांतच पाहावें. आणि हमीपत्र भारतांत चालतें काय हें विचारावें. माझें चालत नव्हतें. तेथील विक्रीकर तेव्हां आठ टक्के होता; प्रवासी म्हणून तो मला माफ झाला, व दुकानदारानें तसा कागद पासपोर्टास जोडून दिला. सर्व मिळून हिशेब आपल्या २,३०,००० रुपयांचा झाला.

सल्ले मात्र विमानांत बसण्याआधींच सुरू झाले होते. "बाबा, खोकें इथेंच टाका आणि कॅमेरा गळ्यांत अडकवा, शंभर चित्रें काढलेलीं असलीं म्हणजे जुनाच दिसतो," हा चिरंजीवांचा. "काका, हिरव्या वाटेनें सरळ बाहेर या, कोणी विचारीत नाहीं," हा पुतण्याचा, दूरध्वनीवरून. नियम त्या वर्षीं असा होता कीं ५०,००० रुपयांपर्यंतचा माल माफ, आणि वरच्या रकमेवर शेंकडा साडेअडतीस जकात. हे आंकडे तेव्हांचे. जाणाऱ्यानें आपल्या वेळचे पाहून घ्यावे. घरचाच किंमती कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानें निघतांना विमानतळावर जकात अधिकाऱ्याकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परततांना तो नवा ठरत नाहीं.

खोकें मीं टाकलें नाहीं, परंतु कॅमेरा गळ्यांत अडकविला होता, हें सांगितलेंच पाहिजे. मुंबईस सामान घेऊन निघालों तों समोर दोन वाटा, एक हिरवी व एक लाल. मी लाल वाटेनें गेलों. चौतीस वर्षें मुलांना हरिश्चंद्राची कथा सांगितली म्हणून गेलों, असें लिहावयास मला फार आवडलें असतें; त्यांतून फाळक्यांचा १९१३ चा तो पहिला चित्रपटही हरिश्चंद्राचाच. परंतु खरें कारण निम्म्याहून अधिक भय हेंच होतें. चोरी करतांना धरलेला मास्तर, ही कल्पनाच मला सोसवेना. अधिकाऱ्यानें पावती पाहिली, माझ्या गळ्याकडे पाहिलें, किंचित् हंसला, आणि ६९,३०० रुपयांचा आंकडा मांडला.

हे पैसे कोठून आले तें सांगितल्याखेरीज हकीकत पुरी होत नाहीं. आमच्या माडीचे वासे कुजले होते. ते बदलून कवेलू फेरावयाचे, आणि त्याकरितां माझ्या ग्रॅच्युइटींतून सत्तर हजार रुपये मीं दादांच्या हातीं द्यावयाचे, असें ठरलें होतें. तेच हे सत्तर हजार. दादांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यांत पाहूं." जकातीसह कॅमेरा २,९९,३०० रुपयांस पडला, नागपुरास सीताबर्डीवर घेतला असता तर जवळजवळ तेवढ्यासच पडता, वर चालणारें हमीपत्र मिळतें तें निराळें. हा ताळेबंद पुतण्यानें मला कागदावर मांडून दाखविला. तो कागद मीं पोथीसारखाच जपून ठेवला आहे.

पुढचा उन्हाळा २०२० चा निघाला. मार्चाच्या अखेरीस टाळेबंदी लागली. सुतार मिळेना, मजूर मिळेना. मी मात्र घरांत कोंडला गेल्यामुळें पहांटेपासून पानें टिपीत बसें. दोन दिवे, एक काळा कपडा, आणि पान उलटावयास नातू. जूनपर्यंत नऊ बासनें पुरीं झालीं. टिंब आणि छिद्र यांचा घोळ तर मिटलाच, शिवाय आजोबांनीं खोडून दुरुस्त केलेलीं अक्षरेंही खोडाखालून दिसूं लागलीं. वैद्यकाचें बाड मीं शेवटास ठेवलें होतें, कारण त्याचीं पानें सर्वांत सुस्थितींत होतीं.

एका रात्रीं पावसाची मोठी सर आली आणि माडी नेमकी त्याच कोनाड्यावर गळली. दहावें बासन कसेंबसें वाचलें, अकरावें भिजलें. जुनी शाई काजळाची, डिंकांत घोटलेली. पाणी लागतांच ती उतरते आणि पानें एकमेकांस चिकटतात. सकाळीं दादा ओसरीवर चादर पसरून निघतील तीं पानें वाळत घालीत होते. एक शब्द बोलले नाहींत. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावजी, कवेलू सरकारकडे जमा झाले म्हणायचे."

हिरव्या वाटेनें गेलों असतों तर दिवाळीपूर्वींच माडी दुरुस्त झाली असती, हें उघड आहे. या वाक्यापुढें कोणतें वाक्य लिहावें तें मला इतक्या वर्षांत सुचलेलें नाहीं.

वासे २०२१ मध्यें बदलले. बाडाचीं चिकटलेलीं पानें आम्ही दोघे भाऊ हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत एकेक सोडवितों. पान सुटलें कीं मी तिरपा उजेड टाकतों, कारण शाई वाहून गेली तरी बोरूचा दाब कागदावर कोठें कोठें राहिलेला असतो, आणि दादा संगणकाच्या पडद्याला नाक लावून वाचतात. परवां तेविसावें पान सुटलें. त्यावर ज्वराचा काढा आहे : गुळवेल, सुंठ, आणि तिसरें नागरमोथा असावें. सुंठीचे मासे किती, यावर आमचा वाद चालला आहे. आंकड्याचें शेंपूट पुसलें आहे. दादा दोन म्हणतात, मला तीन दिसतात. उद्यां दिवा डावीकडून लावून पाहावयाचें ठरलें आहे.