मोकळा रस्ता

माणसाच्या आयुष्यात सायकल दोनदा येते. पहिल्यांदा येते तेव्हा पाय जमिनीला पोचत नाहीत. दुसऱ्यांदा येते तेव्हा पाय पोचतात, पण डॉक्टर म्हणतात, गुडघे जपा. मधल्या काळात माणूस स्कूटर घेतो, घराचे हप्ते फेडतो आणि सायकल ही दूधवाल्याने आणि पेपरवाल्याने चालवायची वस्तू आहे, असा समज करून घेतो.

माझी पहिली सायकल तासाच्या भाड्याची होती. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत मी तिच्यावर नगर शहर पालथं घातलं. त्या वेळी रस्त्यावर टांगे, म्हशी आणि बिनदिव्याच्या सायकली पकडायला उभा असलेला पोलीस एवढीच रहदारी असे, आणि तिन्हींना चुकवण्याची कला वयाच्या दहाव्या वर्षी येत असे. दुसरी सायकल साठीनंतर आली. ती भाच्याने दिली. तिला एकवीस गिअर आहेत. त्यांतले मी दोन वापरतो. उरलेले एकोणीस आमच्या सौभाग्यवतींच्या मते लग्नात आलेल्या काचेच्या सेटसारखे आहेत. पाहुणे आले की दाखवायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे.

हा भाचा ऑस्ट्रियात असतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवतो. आपण सुट्टीच्या दिवशी झोपतो, याचं त्याला तिथे गेल्यापासून वाईट वाटू लागलं आहे. साल्झबुर्गपासून आल्प्स ओलांडून इटलीत ग्रादोच्या समुद्रापर्यंत चारशे किलोमीटरच्या वर एक सायकलमार्ग जातो. तो त्याने केला आणि रोज रात्री मला फोटो पाठवले. एका ठिकाणी डोंगर फारच आडवा येतो, तर तिथे सायकलीला आगगाडीत बसवून बोगद्यातून पलीकडे नेतात. आमच्याकडेही सायकल एसटीच्या टपावर जात असे, पण ती पलीकडे पोचेपर्यंत तिची घंटी जागेवर असेल, याची हमी कंडक्टरसुद्धा देत नसे.

पुढे इटलीच्या हद्दीत शिरल्यावर तर मौजच आहे. त्या दरीतून पूर्वी आगगाडी जायची. रेल्वेने डोंगराच्या पोटातून बोगदे काढून नवा मार्ग घातला आणि जुना मार्ग मोकळा झाला. तो त्यांनी सायकलींना देऊन टाकला. जुने पूल, जुने बोगदे, सगळं सायकलींचं. कियूझाफोर्ते नावाच्या जुन्या स्टेशनात आता सायकलवाल्यांना खायला-प्यायला मिळतं. मोटारीचा हॉर्न म्हणून ऐकू येत नाही.

हे फोटो पाहून सौ. म्हणाली, "अहो, आपल्या जिल्ह्यात नाही का असा एखादा रस्ता? एवढा मोठा जिल्हा!"

जिल्हा मोठा आहे, यात शंका नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला पहिला. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्यासारख्यांच्या तोंडून अजून 'नगर' सुटत नाही. मी नकाशा काढून बसलो. पुणे-नाशिक रस्ता पाहिला आणि घाईने बोट उचललं; त्या रस्त्यावर नकाशातसुद्धा बोट ठेवायला भीती वाटते. नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीला निघालेल्या गाड्या. त्यांना दर्शनाची घाई असते, आणि त्यांच्यापुढे सायकल चालवली तर देवाचं दर्शन आपल्याला आधी होण्याचा संभव असतो.

मग पाटाच्या कडेचा रस्ता आठवला. ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचा एक पाट डावीकडे जातो, एक उजवीकडे. पाटाच्या कडेने मातीची वाट असते. पाणी उड्या मारीत नाही, त्यामुळे वाटेलाही चढ नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळीची सावली. आल्प्सवाल्यांनी हेवा करावा असा हा रस्ता आहे. फक्त बाभळीचे काटे सावलीबरोबर फुकट मिळतात, आणि पहिल्या तीन किलोमीटरांत माझी दोन पंक्चरं झाली. शिवाय हंगाम सुरू झाला की या शांततेत उसाची ट्रॉली घुसते. ट्रॉली कधी एकटी नसते, मागे दुसरी असते, आणि पुढच्या ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं असतं.

तेव्हा माझ्या लक्षात एक साधी साखळी आली. धरण झालं म्हणून पाट आला, पाट आला म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं, आणि धुराडं पेटलं म्हणून ट्रॉली आली. म्हणजे रहदारी पाण्याच्या पाठोपाठ खाली उतरत गेली आहे. मग रहदारी नको असेल तर पाण्याच्या उलट दिशेने वर जायला हवं. जिथे पाणी आहे पण ऊस नाही, तिथे.

असं ठिकाण म्हणजे भंडारदरा. १९१० मध्ये बांधायला घेतलेलं आणि १९२६ मध्ये पुरं झालेलं, २७० फूट उंचीचं विल्सन धरण. त्याच्या मागे प्रवरेचा जलाशय, उत्तरेला कळसूबाई, पलीकडच्या टोकाला रतनगड. कळसूबाई १६४६ मीटर. माँ ब्लाँ ४८०० च्या वर. पण सह्याद्रीत उंचीपेक्षा कडा महत्त्वाचा, असं मी भाच्याला ठणकावून सांगितलं. जलाशयाला वळसा घालणारा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे: शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, आणि उत्तरेकडून परत शेंडी. शनिवार-रविवारी जाऊ नये. मेअखेर आणि जूनच्या आरंभी काजवे पाहायला गाड्या येतात, तेव्हा तर मुळीच जाऊ नये. त्या वेळी काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त चमकतात. भाचा सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही डिसेंबरातला एक मंगळवार धरला.

रस्ता स्वर्गातला होता. भात निघून गेलेली खाचरं, उन्हात वाळत घातलेली नागली, आणि प्रत्येक वळणावर नव्याने भेटणारं पाणी. रतनवाडीला अमृतेश्वराच्या हेमाडपंती देवळापाशी आम्ही डबा सोडला. भाचा गाड्या मोजत होता. तोवर दोन मोटारसायकली आणि एक जीप झाली होती. "मामा, हे तर आल्प्सपेक्षा भारी आहे!" तो म्हणाला. मामाची छाती फुगली, पण ती साम्रदच्या चढावर लगेच पूर्ववत झाली. पुढे घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. दिवसा पाणी कोकणाच्या अंगाला खाली सोडून वीज करतात आणि रात्री तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. माझी सोय अशीच कोणी केली तर पाहावं, असं मला त्या चढावर राहून राहून वाटत होतं.

घाटघरच्या पुढे एका फाट्यावर एक आजीबाई गाठोडं घेऊन बसली होती. शेजारी तिची सून, पोटुशी. राजूरला दवाखान्यात जायचं होतं. सकाळपासून बसल्या होत्या. भाच्याने कौतुकाने सांगितलं, "आजी, तुमचा रस्ता फार सुंदर आहे. एक गाडी नाही!"

आजीने त्याच्याकडे पाहिलं. रागावली नाही, हसलीच. म्हणाली, "त्येच तर, बाबा. गाडी नाही म्हून तुम्ही आले, अन् गाडी नाही म्हून आम्ही हितंच बसलो."

भाच्याने गाड्या मोजणं थांबवलं. म्हणजे मोजत होताच, पण आता हेतू वेगळा होता. तासाभराने मागून जीप आली. आत माणसं होती, टपावर कोंबड्या होत्या, तरी त्यांत सासू-सून मावल्या. जीपने धूळ उडवली. एरवी मी धुळीबद्दल काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी ती धूळ मला आवडली.

परतताना भाचा गप्प होता, आणि मी इटलीतल्या त्या जुन्या रेल्वेमार्गाचा विचार करीत होतो. तिथला रस्ता रिकामा आहे, कारण आगगाडीला आधी दुसरा मार्ग मिळाला. तिथल्या पोटुशी सुनेची गाडी बोगद्यातून वेळेवर निघून गेलेली असते, म्हणून सायकलवाल्याला वर पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. आमचा रस्ता रिकामा आहे तो कोणाला काही मिळालं म्हणून नाही. गाडी आलीच नाही, म्हणून. एक रहदारीमुक्त, दुसरा रहदारीवंचित. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

जिल्ह्यात सायकलींसाठी वेगळे मार्ग व्हावेत, असं मलाही वाटतं. पण घाई नाही. १९७० मध्ये मंजूर झालेल्या निळवंड्याच्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन २०२३ साली झालं. त्या मानाने सायकलवाले अजून लहान आहेत. त्याआधी त्या फाट्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ वेळेवर एसटी येऊ दे. ती मागून आली, तिने हॉर्न वाजवला, की मी आनंदाने सायकलवरून उतरून तिला बाजू देईन. तसंही, साम्रदच्या चढावर मला उतरायला एखादं सन्मानाचं निमित्त हवंच असतं.