भयकथेतील वाडा आणि जुने येणे

देहूच्या गावठाणातील आजोळघरी माळ्यावर जाण्यास मुलांना मनाई होती. कारण कोणी सांगत नसे. म्हणूनच तेथे काहीतरी वसत असले पाहिजे, अशी त्याची खात्री होती. पुढे तो मराठीचा प्राध्यापक झाला. दिवसा तो संतसाहित्य शिकवी आणि रात्री नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कादंबऱ्या वाची. सहकाऱ्यांपुढे मात्र त्यांचे नाव काढीत नसे. भयकथेला रंजनाच्या पंगतीत बसवून समीक्षा मोकळी झाली होती आणि तोही त्याच समीक्षेचा पाईक होता.

तरीही एक प्रश्न त्याला सोडीत नसे: भयाने वस्तीला घरच का निवडावे? होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीत आजोबाने बळकावलेल्या राज्याची किंमत नातवाला मोजावी लागते. धारपांच्या कथेतून काही अंशी स्फुरलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटातही वाड्यात दडलेला लोभच पिढ्यांना गिळतो. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात म्हटल्याप्रमाणे, परिचित असून दडपलेले तेच परतताना भयावह होते. तळघर, बळद, माजघरामागची अंधारी खोली या जागा घराने नुसते धान्य साठवण्यासाठी वापरल्या नाहीत. भाऊबंदकी आणि विधवांचे मौनही तेथेच साठले. भुताला घर लागते ते थकलेल्या येण्यासाठी, आणि वाचक त्या घरात शिरतो तो आपल्याच घरात शिरण्याचे धैर्य नसते म्हणून, असे त्याला वाटू लागले.

आजोळघर पाडायचे ठरले तेव्हा तो प्रथमच माळ्यावर चढला. तेथे एक पत्र्याची पेटी होती. पेटीत गहाणखते होती. त्यांवर अंगठे होते. त्यांतील काही शिवारांवर आज चाकण पट्ट्यातील कारखाने उभे आहेत.

सायंकाळी तो इंद्रायणीच्या घाटावर बसला. तुकोबांनी भावाचा वाटा भावाच्या स्वाधीन करून आपल्या वाट्याची कर्जखते याच नदीत बुडवली, असे परंपरा सांगते. याच पाण्यातून गाथा वर आल्याचेही तीच सांगते; बुडालेली खते मात्र परतली नाहीत. हा भेद त्याने वर्गात अनेकदा रंगवून सांगितला होता.

पेटी त्याने नदीत सोडली नाही, नातलगांनाही दाखवली नाही. आज ती त्याच्या कपाटात, धारपांच्या पुस्तकांमागे आहे. रात्री तो कपाटाकडे पाठ करून वाचतो.