पेणहून गणपती आणणारी गाडी

आमच्या रोह्याच्या घरचा गणपती पेणहून येतो आणि तो ॲम्बॅसिडरमधूनच येतो. पुढच्या सलग सीटवर मधोमध पाट, पाटावर शाडूची मूर्ती, एका बाजूला अण्णा स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या बाजूला मूर्तीला हात धरून आजी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधली जागा मोकळी राहायची. मागे आम्ही चार भावंडं. पेणच्या कारखान्यातून निघालो की वडखळ, नागोठणे, भिसे खिंड आणि मग रोहा. खिंड उतरेपर्यंत आजी मूर्तीवरचा हात काढत नसे.

गाडी १९६९ सालची, मार्क टू. अण्णांनी ती १९७८ साली जुनी घेतली, तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. अण्णा डॉक्टर. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की हीच गाडी निघायची. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, पडून पाय मोडलेलं पोर, सगळ्यांना तिच्या मागच्या सीटवर जागा मिळाली. बॅटरी उतरली असेल तर पुढून हँडल मारायचं. मे महिन्यात खिंडीच्या चढावर पेट्रोल ओढणाऱ्या पंपात वाफ कोंडायची आणि इंजिन बंद पडायचं. अण्णा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकत, दहा मिनिटं थांबत आणि गाडी पुन्हा चालू होई.

अण्णा गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती अकरा वर्षं. मी नोकरीसाठी बाहेर होतो. परत आलो तेव्हा भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. त्याच सुमारास जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ मुंबईहून आले. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. खाली वाकून दाराखालच्या पट्ट्या बोटांनी ठोकून पाहिल्या, पुढची बारीक चौकटींची जाळी निरखली, इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून घेतला. मग म्हणाले, “डॉक्टरांनी काही बदललेलं नाही. हीच हिची किंमत आहे.”

त्यांच्यामुळे मी ही गाडी नव्याने पाहायला शिकलो. हिचं मूळ इंग्लंडमधलं, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी काढलेली साधी, ऐसपैस गाडी. हिंदुस्थान मोटर्सने ती बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनवायला घेतली. इंग्लंडमध्ये हे मॉडेल १९५९च्या सुमारास बंद झालं. आपल्याकडे तोच सांगाडा २०१४च्या मे महिन्यापर्यंत कारखान्यातून निघत होता. आमच्या गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच ब्रिटिश घराण्यातलं. एमजीए नावाची तिकडची स्पोर्ट्‌स कार याच इंजिनावर धावली. संग्राहकांनी मात्र बरीच वर्षं ॲम्बॅसिडरकडे लक्ष दिलं नाही, कारण ती सगळीकडे होती. टॅक्सी तीच, कलेक्टरची गाडी तीच, नवरदेवाची तीच. जे सगळ्यांकडे असतं ते कोणी जपत नाही. म्हणूनच काही न बदललेली साठ-सत्तरच्या दशकातली गाडी आज शोधावी लागते.

मी गाडी विकली नाही. दुरुस्तीला काढली. पहिल्याच ठिकाणी फसलो. त्या गॅरेजने गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वरून चकचकीत रंग मारला. एका पावसाळ्यात फुगे आले. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. पेण-रोह्याकडची खारी, दमट हवा तो सांगाडा खालून खाते. मग अण्णांच्या वेळचे मिस्त्री शोधून काढले. वय सत्तरीच्या पुढे, हात स्थिर. त्यांनी लांबी खरवडली, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, मागचे पाटे उतरवले, टॅपेट कानाने ऐकून सेट केले. कुठल्याही यंत्राला गाडी जोडली नाही. म्हणाले, “हिला सगळं सांगता येतं, आपण ऐकायला पाहिजे.” त्यांचा नातू शेजारी उभा राहून पाने देत होता. त्या दोन महिन्यांत तो पोरगा जे शिकला, ते मला गाडीइतकंच मोलाचं वाटतं.

शेवटचा प्रश्न नोंदणीचा होता. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मान मोठा आहे. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर निघते. मी बराच विचार केला. अण्णांची गाडी मला प्रदर्शनात उभी बघायची नव्हती. रायगडचं आरटीओ पेणलाच आहे. तिथे तपासणीला गाडी नेली आणि साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घेतलं. आता दर पाच वर्षांनी तिला तपासणीला उभं राहावं लागेल. राहील.

त्या भाद्रपदात आम्ही पेणला गेलो. मधल्या जागेवर पाट ठेवला, पाटावर मूर्ती. आजीच्या जागी माझी मुलगी बसली. मी काही सांगायच्या आधीच तिने मूर्तीला हात धरला आणि रोह्याला दारात गाडी थांबेपर्यंत काढला नाही.

तुमच्याही शेडमध्ये अशी एखादी घरची गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एवढं करा. आरसी बुक शोधून ठेवा. काढलेला एकही मूळ भाग फेकू नका. पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि गावातले जुने मिस्त्री अजून आहेत, तोवर त्यांना बोलावून आणा. सुटे भाग उशिरा मिळाले तरी चालतात, ते हात उशिरा मिळत नाहीत.