पाचव्या मंगळागौरीनंतर

मैत्रिणींनो, 'नाईट क्लब' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या तर १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मधली 'चिन चिन चू' हेलनच उभी राहायची. गीता दत्तचं ते गाणं आपण घरात रेडिओवर ऐकायचं. तसल्या जागी पाऊल टाकायचं ते सिनेमातल्या बायकांनी, अशी आपली सरळ वाटणी!

म्हणून गेल्या मे महिन्यात सिंगापूरला दिरांकडे गेलो असताना धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, आज क्लबात चिनी गाणी ऐकायला जाऊ या," तेव्हा मी आधी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "दोघी जा की! मुलांना आम्ही बघतो."

नाशिकला रात्री उशिरा बाहेर राहायचं ते लग्नघरी, नाहीतर कालिदास कलामंदिरात नाटकाला. इथे रात्री दहाला आम्ही दोघी साड्या नेसून निघालो!

आत दिवे मंद नि गारठा भरपूर. शाल नेली ते बरं झालं. आम्ही लिंबाचं सरबत मागवलं. आजूबाजूला ऑफिसातून परस्पर आलेल्या बायका होत्या, एक आजीबाईसुद्धा. आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. गाणारी चाळिशीची असावी. शब्द एकही कळेना, पण दुसऱ्या गाण्याला मी चमकले. सा रे ग प ध! अहो, हा तर आपला भूप!

परतल्यावर थोडं वाचलं. चिनी लोकगीतं पुष्कळदा याच पाच सुरांत असतात. १९२० च्या दशकात शांघायच्या ली जिन्हुई या संगीतकाराने त्यांना अमेरिकन जॅझची जोड दिली. शांघायमध्ये वाजवणारा टेडी वेदरफोर्ड पुढे आपल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही पियानो वाजवत असे. लींच्या गाण्यांना मात्र 'पिवळं संगीत', म्हणजे अश्लील, म्हणून हिणवलं गेलं. पुढे तैवानच्या तेरेसा तेंगची (१९५३–१९९५) गाणीही चीनमध्ये निषिद्ध ठरली होती. लोक कॅसेटी मिळवून गुपचूप ऐकत. तिचं १९७७ चं चंद्राचं गाणं त्या रात्री सुरू झालं आणि सगळेच गुणगुणू लागले. त्या आजीबाईसुद्धा, डोळे मिटून.

त्यांच्याकडे पाहताना मला मंगळागौर आठवली. लग्नानंतर पाच वर्षं श्रावणात आपण रात्र जागवतो. झिम्मा, फुगड्या, उखाणे, गाणी. थोरल्या बायकाच बजावतात, "खेळा गं, झोपू नका!" मग व्रताचं उद्यापन होतं आणि त्याबरोबर आपल्या हौसेचंही. पुढची जागरणं मुलांच्या तापाची, नाहीतर दहावीच्या परीक्षेची.

क्लबात जा, असं मी मुळीच सांगत नाही. पण नाशिकला आल्यावर सासूबाईंना भीतभीत सारं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या थोडा वेळ गव्हातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मंगळागौरीत पहाटेपर्यंत गायचे, माहीत आहे? नंतर कुणी विचारलंच नाही बाई."

तेरा वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं! यंदाच्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर आळीतल्या सगळ्याजणी जमणार आहोत. दूध ह्यांनी आटवायचं, असं ठरलंय. गायला सुरुवात सासूबाई करणार आहेत.

तुमच्याही घरात कुणाचं गाणं असंच मागे राहिलंय का? एकदा विचारून तर पाहा.