हलकडीवरचा भार

ज्या हलकडीला, खुंटीला अथवा झाडाला मनुष्य आपला देह निःशंकपणे सोपवतो, तिच्या सामर्थ्याची आधी खातरजमा करून घेणे हे मला आयुष्यभर कर्तव्य वाटत आले आहे. या ध्यासाचे मूळ आमच्या कोकणातल्या घरात आहे. ओटीवरच्या सागवानी झोपाळ्याच्या कड्यांना तेल देण्याच्या निमित्ताने आजोबा दर पावसाळ्यानंतर प्रत्येक दुवा कोठे झिजला आहे हे बोटाने चाचपून पाहत, तुळईचे जे टोक भिंतीतल्या ओलीत असे तेथे टोच्या खुपसून लाकूड भुसभुशीत झाले नाही ना याचा अदमास घेत, आणि मगच आम्हां मुलांना वर चढण्याची परवानगी मिळे. कड्या उभ्या असल्याने तेथला हिशेब सोपा होता: ३० अंशांपर्यंत नेलेला झोका तळाशी येतो तेव्हा ताण वजनाच्या सव्वापटीहून किंचित अधिक होतो, ६० अंशांपर्यंत नेला तर दुप्पट.

दोन झाडांमध्ये बांधलेल्या जाळीच्या झोळीचा न्याय निराळा आहे, आणि तो मला पुढे यंत्रशास्त्र शिकताना उमगला. डोळ्यांना ताठ दोरच भरवशाचा वाटतो. परंतु दोर जितका आडवा, तितकी त्याची ओढ बेसुमार. दोराचा क्षितिजाशी कोन ३० अंशांचा असेल, तर ७० किलोंच्या माणसापायी प्रत्येक दोरावर ७० किलोंचाच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला की ताण २०० किलोंच्या पुढे, आणि ५ अंशांवर ४०० च्या पुढे जातो. भार लटकलेला दोर संपूर्ण सरळ आडवा ताणणे कोणत्याही बळाला शक्य नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे.

म्हणूनच बांधकामावरच्या बाया तान्ह्या मुलाच्या लुगड्याच्या झोळीची दोन्ही टोके एकाच फांदीला, एकाच जागी आवळतात, तेव्हा मला त्यांच्या शहाणपणाविषयी नितांत आदर वाटतो. तेथे आडवी ओढ जवळजवळ उरतच नाही.

आता नातवंडांसाठी वाडीत झोळी बांधताना ४ मीटर अंतरावरच्या आंब्यांमध्ये मी एक मीटरहून थोडा अधिक झोल धरतो, साल कापू नये म्हणून दोराखाली रुंद पट्टा घालतो, आणि प्रथम स्वतः हळूहळू भार टाकून पाहतो, कारण एकदम अंग झोकले तर ताण क्षणात दुपटीवर जाऊ शकतो. शेवग्याला मात्र मी कोणालाही दोर बांधू देत नाही. त्याचे लाकूड फार ठिसूळ.