कोणासहि न विचारतां

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून येणारे आईबाप आतां आपल्या समाजांत विरळ राहिलेले नाहींत. परत आल्यावर ही मंडळी तेथील हवा, टापटीप आणि भाजीचे भाव यांविषयीं पुष्कळ सांगतात. परंतु थोडें खोदून विचारलें, म्हणजे बहुतेकांच्या बोलण्यांतून एकच खंत डोकावते. ती ही, कीं दिवसभर घरांत बसून राहावें लागे. मुलगा व सून कामावर, नातवंडें शाळेंत. आणि रविवारीं मुलगा मोटारींत बसवून दाखवील तेवढेंच शहर आपलें. ज्यांनीं इकडे चाळीस वर्षें संसाराचा गाडा स्वतः ओढला, त्यांना तिकडे प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी न्यावें लागतें. या परावलंबनाचें दुःख मोठें आहे, आणि मुलांच्या प्रेमानें तें कमी होत नाहीं.

आम्हीं उभयतांनीं लंडनच्या वायव्येस हॅरो या उपनगरांत मुलाकडे तीन महिने काढले. तेथें या दुःखावरचा उपाय प्रथम माझ्या पत्नीनें शोधला. सोलापुरांत सात रस्त्याच्या पलीकडे जावयाचें म्हणजे जी सोबतीची वाट पाहत असे, तिनें पंधरा दिवसांत आगगाडीनें एकटीनें जावयास आरंभ केला. मला तिच्या धैर्याचें कौतुक वाटलेंच. परंतु अधिक विचार करतां ध्यानांत आलें, कीं धैर्य तिच्यापाशीं पूर्वींहि तितकेंच होतें. त्याला आधार मात्र येथें मिळाला होता.

सात रस्ता म्हणजे नांवाप्रमाणेंच वाटांचा मेळ. तेथें उतरलेला नवखा मनुष्य पाटी शोधीत नाहीं. तो माणूस शोधतो. रिक्षावाला, पानपट्टीवाला, शेजारून जाणारा विद्यार्थी, कोणीहि मराठींत, कानडींत, तेलुगूंत किंवा हिंदींत त्याला वाट सांगतो, आणि कधीं चार पावलें सोबतहि येतो. ही आपुलकी मला प्रिय आहे. परंतु तिच्या पोटीं एक अडचण दडलेली आहे. विचारण्याचें बळ ज्याच्या अंगीं नाहीं, त्याची वाट तेथेंच खुंटते. ऐकूं कमी येणारा म्हातारा, भिडस्त गृहिणी, उशिरा गाडींतून उतरलेली एकटी मुलगी, यांना प्रत्येक वेळीं परक्यापुढें तोंड उघडावें लागतें. आणि तें नको वाटलें, कीं तीं घराबाहेर पडण्याचेंच टाळूं लागतात.

सोलापुरास आगगाडी आली १८६० सालीं. लंडनचा पहिला भुयारी मार्ग सुरू झाला १० जानेवारी १८६३ रोजीं. तेव्हां रुळांचें किंवा गाडीचें नवल आम्हांस वाटावें असें नव्हतें. नवल वाटलें तें पाट्यांचें. आपल्याकडे जी माहिती माणसांच्या तोंडीं असते, ती तेथें भिंतींवर लिहिलेली असते. हॅरी बेक नांवाच्या एका आरेखकानें १९३१ सालीं या मार्गांचा नकाशा काढला. विजेच्या जोडणीच्या आराखड्याप्रमाणें त्यानें सर्व रेषा सरळ, आडव्या, उभ्या व तिरप्या केल्या आणि अंतरांचें प्रमाण बेलाशक सोडून दिलें. प्रारंभीं अधिकाऱ्यांस तो रुचला नाहीं. पण १९३३ सालीं तो छापला गेला आणि लोकांनीं उचलून धरला. बेकनें ओळखलें होतें, कीं जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशास आपण किती कोस आलों हें नको असतें. कोठें बदलावयाचें आणि कोठें उतरावयाचें, एवढेंच हवें असतें.

माझ्या पत्नीचा पहिला एकटीचा प्रवास डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळाचा झाला. हें मंडळ १९३२ सालचें. जांभळ्या रेषेनें हॅरोहून निघावें, वेम्बली पार्कास उतरावें, तेथून करड्या रेषेच्या गाडींत बसावें, आणि दुसरें स्थानक आलें कीं उतरावें. फलाटावर पुढची गाडी कोठली व किती मिनिटांनीं, हें लिहिलेलें. गाडींत प्रत्येक स्थानकाचें नांव आधींच उच्चारलें जातें. ती परत आली तेव्हां मंडळांतील कार्यक्रमाविषयीं दोन वाक्यें बोलली आणि वेम्बली पार्काविषयीं वीस.

मग मीहि निघालों. काळी रेषा कॅम्डन टाउन येथें दुभंगते. एका फांट्यावरचें पुढचेंच स्थानक चॉक फार्म; तेथून जवळ किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरांत डॉ. आंबेडकर १९२१-२२ सालीं राहत होते. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं तें विकत घेतलें. दुसऱ्या फांट्यावरचें तिसरें स्थानक आर्चवे. त्याच्या वरच्या अंगास क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर सावरकरांचें इंडिया हाउस, निळ्या पाटीनें ओळखूं येणारें. हे दोन्ही फांटे एकाच दिवशीं, २२ जून १९०७ रोजीं, सुरू झाले. सावरकर त्या वेळीं लंडनांतच होते. ज्या दोघांच्या विचारांवर आपल्याकडे इतका वाद होतो, त्यांच्या बिऱ्हाडांकडे जाणाऱ्या वाटा एकाच स्थानकावर फुटतात, हें मुलाच्या मोटारींतून मला कधींच कळलें नसतें.

बसगाडीची व्यवस्था तर म्हाताऱ्यांकरितांच केली आहे कीं काय, असें वाटावें. पायरी जवळजवळ नाहींच. चाकांच्या खुर्चीसाठीं दारांतून एक उतरती फळी बाहेर सरकते. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहींत. कार्ड यंत्रास टेकविलें कीं झालें, आणि तासाभरांत दुसरी बस धरली तर निराळें भाडें पडत नाहीं.

याचें मोलहि द्यावें लागतें. तासभर शेजारीं बसलेला मनुष्य एक शब्द बोलत नाहीं. गांव कोणतें, मुलें किती, ही आपल्याकडील विचारपूस आठवून मला कित्येकदां चुकल्यासारखें झालें. तरीहि दोहोंपैकीं एकच निवडावें लागेल, असें मला वाटत नाहीं. थांब्यावर गाड्यांचे क्रमांक, मार्ग व वेळा मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन लिप्यांत लिहिल्या, म्हणून सात रस्त्यावरचा पानपट्टीवाला मुका होणार नाहीं.

परदेशीं निघालेल्या समवयस्कांस माझें सांगणें इतकेंच, कीं पहिल्याच आठवड्यांत एक मार्ग शिकावा, आणि मुलांनीं तो शिकवावा. मिठाईच्या डब्यापेक्षां तें देणें मोठें आहे. आणि इकडील कारभाऱ्यांस सांगणें असें, कीं पाहुण्यास वाट दाखविणें हा आपला जुना धर्म आहे. तो पाटीवर लिहून ठेवला, तर ज्याला विचारतां येत नाहीं, त्याच्याहि वांट्यास येईल.