ईबाखचा लाल चाकू

स्वित्झर्लंडहून परतलेल्या कुटुंबाच्या बॅगेत दोन वस्तू हमखास सापडतात, चॉकलेट आणि लाल मुठीचा घडीचा चाकू. चॉकलेट आठवड्याभरात संपते. चाकू मात्र अनेक घरांत कपाटाच्या खणात पडून राहतो, कारण तो काचेमागे छान दिसला म्हणून घेतलेला असतो. आपल्याला त्याचे काम काय, हा प्रश्न दुकानात विचारायचा राहून जातो. हा प्रश्न विचारायला सगळ्यात योग्य जागा म्हणजे हा चाकू जिथे तयार होतो ते श्वीत्स परगण्यातले ईबाख गाव आणि त्याच्या जवळचे तळ्याकाठचे ब्रुनन.

बोटीने ब्रुननला

ल्यूसर्नहून ब्रुननला रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास लागतो. पण वेळ असेल तर बोटच घ्या. सुमारे दोन तासांचा हा प्रवास वेगिस, विट्झनाऊ, गेर्साऊ अशी एकेक गावे दाखवत नेतो. विट्झनाऊहून रिगी पर्वतावर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८७१ साली सुरू झाली. युरोपातली ही पहिली पर्वतीय रेल्वे. ब्रुननपाशी तळे एकदम काटकोनात वळते आणि दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात. समोरच्या काठावर रुटलीचे कुरण दिसते. तीन परगण्यांच्या प्रतिनिधींनी इथे एकजुटीची शपथ घेतली, असे स्विस लोक परंपरेने मानतात. १२९१ सालचा करारनामा शेजारच्या श्वीत्स गावातल्या संग्रहालयात ठेवलेला आहे आणि देशाला नावही याच श्वीत्सवरून मिळाले.

ब्रुननमध्ये चाकू कंपनीचे अभ्यागत केंद्र आहे. तिथे जुने चाकू, हत्यारे आणि कंपनीचा इतिहास पाहता येतो. आधी वेळ ठरवून गेलात, तर कारागिराच्या देखरेखीखाली स्वतःचा चाकू स्वतः जोडता येतो. पाती, पितळी पिना, स्प्रिंगा एकावर एक रचून दाबायच्या आणि शेवटी लाल मूठ बसवायची. मुलांना यातून एक गोष्ट चांगली कळते, की खिशात मावणाऱ्या वस्तूतही केवढी आखणी असते.

गरीब डोंगरातला कारखाना

एकोणिसाव्या शतकातला हा मुलूख आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. शेती थोडी, हिवाळा लांब आणि रोजगारासाठी माणसे देश सोडून जात होती. अशा काळात, १८८४ साली, कार्ल एल्सनर या तरुणाने ईबाखला चाकूंचा कारखाना काढला. स्विस सैन्याला सैनिकांसाठी घडीचा चाकू हवा होता. त्यात एक पाते, एक टोचा, डबा उघडायचे हत्यार आणि पेचकस अशी चार साधने हवी होती. पेचकस यासाठी, की नव्या रायफलीचे भाग सुटे करून साफ करायचे तर तो लागेच. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगनहून आला होता, कारण एवढे चाकू बनवील असा कारखाना देशात नव्हता. हे काम आपल्याच लोकांना मिळावे म्हणून एल्सनरने इतर स्विस कारागिरांना एकत्र आणले आणि १८९१ साली सैन्याला चाकू पुरवले.

धंदा सोपा नव्हता. झोलिंगनचे मोठे कारखाने स्वस्तात माल देत होते. बरोबरचे कारागीर एकेक करून बाहेर पडले आणि एल्सनर कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून कारखाना तगला.

त्यानंतर त्याने जे केले, त्याने या गावाचे नशीब बदलले. सैनिकांचा चाकू मजबूत होता, पण जड. एल्सनरने हलका चाकू आखला. त्यात छोटे पाते आणि बूच काढायचा स्क्रू वाढवला. करामत स्प्रिंगेत होती. घडीच्या चाकूत पाठीमागची पोलादी पट्टी पात्याला उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. एल्सनरने पट्टीच्या दोन्ही बाजू वापरल्या आणि सहा साधनांना दोनच स्प्रिंगा पुरवल्या. १२ जून १८९७ रोजी या ‘ऑफिसर’ चाकूची कायदेशीर नोंदणी झाली. सैन्याने तो अधिकृतपणे कधी वाटला नाही. अधिकारी आपल्या पैशाने विकत घेत.

१९०९ साली एल्सनरची आई व्हिक्टोरिया वारली आणि त्याने तिचे नाव मालाला दिले. पुढे १९२१ साली गंज न धरणारे पोलाद वापरात आले. त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स. आईचे नाव आणि पोलादाचे नाव अशी ही जोडी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हा चाकू मोठ्या प्रमाणात घरी नेला आणि ‘स्विस आर्मी नाइफ’ हे नाव जगभर पसरले. ११ सप्टेंबर २००१ नंतर मात्र विमानात चाकू नेणे बंद झाले, विमानतळावरची दुकाने हा माल ठेवेनाशी झाली आणि विक्री घसरली. तेव्हा कंपनीने मंदीमुळे कुणाला कामावरून काढले नाही. काही कामगारांना आसपासच्या कंपन्यांत तात्पुरते काम मिळवून दिले. ईबाखसारख्या लहान गावात कारखाना बंद पडणे म्हणजे घरोघरची चूल विझणे, हे त्यांना ठाऊक होते.

तुमच्या कामाचा चाकू कोणता?

दुकानात गेल्यावर मॉडेलांची भिंत समोर येते. गोंधळ टाळायचा तर आधी काम ठरवा.

प्रवास आणि सहल : फळे कापणे, पाकीट फोडणे, डबा उघडणे, चष्म्याचा स्क्रू आवळणे. यासाठी ९१ मिमी लांबीचा, पाच-सहा साधनांचा चाकू भरपूर झाला. त्याचे पाते ७ सेमीच्या आसपास असते. तीस साधनांचा जाड चाकू कौतुकाचा, पण खिशात दगडासारखा जड लागतो आणि मग घरीच राहतो.

ट्रेक आणि मुक्काम : सह्याद्रीत दोर कापणे आणि चुलीसाठी वाळकी काटकी तोडणे ही कामे येतात. इथे १११ मिमीचा, लाकडाची करवत आणि लॉक असलेला चाकू उपयोगी. २००८ साली स्विस सैन्याने घेतलेला नवा चाकूही याच मापाचा, करवत असलेला आणि एका हाताने उघडणारा आहे.

मासेमारी : स्विस तळ्यांत गळाने मासे धरणारे लोक खवले काढायची दातेरी पट्टी असलेला चाकू ठेवतात. तिच्याच टोकाने माशाच्या तोंडातला गळ सोडवता येतो आणि पट्टीवरच्या खुणांनी माशाची लांबी मोजता येते. माशाचे काप काढायला मात्र पातळ, लवचीक पाते हवे. आपल्याकडे हिमाचलमध्ये ट्राउट धरायला जाणार असाल तर चाकूआधी मत्स्य विभागाचा परवाना घ्या.

शिकार : आल्प्समधल्या परगण्यांत शरद ऋतूत परवानाधारक शिकारी हरीण आणि शॅमॉय मारतात. त्यांच्या चाकूत एक खास पाते असते, ज्याचे टोक बोथट असते. जनावराचे पोट फाडताना आतडे फुटून मांस खराब होऊ नये म्हणून ही योजना. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, म्हणून हे मॉडेल बघा, समजून घ्या आणि जागेवर ठेवा.

लॉक आणि पोलाद

साध्या चाकूत फक्त स्प्रिंगेचा दाब असतो. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर तो मिटून बोटांवर येऊ शकतो. जोराची कामे असतील तर लॉक हवाच. शेजारच्या फ्रान्समध्ये, साव्हॉयच्या डोंगरात, जोझेफ ओपिनेलने १८९० साली बीच लाकडाच्या मुठीचा अगदी साधा चाकू बनवला. एक पाते, एक मूठ, बस. १९५५ साली त्याला फिरणारी लोखंडी कडी बसवली. कडी फिरवली की पाते अडकते. हा चाकू वजनाला हलका आणि किमतीला परवडणारा आहे. लाकूड भिजले की फुगते आणि पाते उघडायला जड जाते, एवढे लक्षात ठेवायचे.

पोलादाचे दोन प्रकार. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले तर काळे डाग पडतात आणि गंज चढतो. कोकण, गोवा किंवा चेन्नईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावे. घेताना पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पहा. सांध्यात खुळखुळ नको. मिटलेल्या पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. नख अडकवायची खाच तुमच्या बोटाला सहज सापडली पाहिजे.

कायदा आणि विमान

चाकू कितीही लहान असला तरी हातातल्या बॅगेत ठेवू नका. तो चेक-इन सामानातच जाईल. ब्रिटनमध्ये खिशात फक्त लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू विनाकारण बाळगता येतो. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. आपल्या दिल्लीत बटण वा खटक्याने उघडणाऱ्या, ७.६२ सेमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेमी किंवा अधिक रुंद पात्याच्या चाकूंवर शस्त्र कायद्याखाली बंधन आहे. पाते नखाने उघडणारा लहान चाकू म्हणूनच प्रवाशाला सोयीचा.

घरी आणल्यावर वापरून झाला की गोड्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा आणि सांध्यात खाद्यतेलाचा एक थेंब सोडा. महिन्या-दोन महिन्यांनी धारेच्या दगडावर हलक्या हाताने फिरवा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि तिथेच हात कापतो. मुलांना द्यायचा असेल तर आधी शेजारी बसवून काकडी कापायला शिकवा. पाते नेहमी अंगापासून दूर चालवायचे आणि दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचे, हे दोन नियम अंगवळणी पडले की मग त्यांच्या सॅकमध्ये ठेवायला हरकत नाही.